पबमध्ये जेवायला चल!

मास्टर्ससाठी बर्मिंगहॅमला जायचं ठरलं की बॅग भरायला अख्खं घर लागतं. छोटा कुकर, मेतकूट, भाजणी, आईनं कोपऱ्यात कोंबलेला गोडा मसाला... तरी तिकडे उतरल्यावर पहिल्या महिन्यात तुमचं काय होतं माहितीये? प्रत्येक किमतीला शंभरानं गुणायची सवय लागते. पौंड शंभराच्या कितीतरी वर, त्यामुळे उत्तर नेहमीच दचकवतं. मग दुपारी सुपरमार्केटमधलं 'मील डील': गार सँडविच, वेफर्सचं पाकीट आणि एक ज्यूस. विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. हॉटेलचं मेन्यूकार्ड दारातच वाचून पुढं सटकायला तुम्ही शिकता.

अशात एखादी सीनियर म्हणते, "शनिवारी पबमध्ये जेवायला चल." तुमचं उत्तर तयार असतं: परवडणार नाही, आणि मी पीत नाही.

थांबा. तुमच्या डोळ्यासमोर पुण्या-मुंबईतला पब आलाय. दारात बाउन्सर, कव्हर चार्ज, कानठळ्या बसवणारं म्युझिक. तिकडचा पब म्हणजे 'पब्लिक हाउस'. गावात पार आणि खानावळ एकाच छपराखाली आणली तर जे होईल, तसं काहीसं. आजोबा पेपर वाचत बसलेले असतात, कुणी बाबागाडीतल्या बाळासकट जेवत असतं. दारू प्यायलाच हवी, असं कुणी म्हणत नाही. सोड्यात लिंबाचा कॉर्डियल घातलेला 'लाइम अँड सोडा' सहसा सगळ्यांत स्वस्त. आणि साधं पाणी? इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी गिऱ्हाइकानं मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. बिनधास्त मागा.

फक्त एक करू नका. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, कारण बहुतेक ठिकाणी तो येतच नाही! टेबलाचा नंबर बघायचा, काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची, पैसे तिथंच भरायचे. टीप द्यायची सक्ती नाही. ग्रुपमध्ये आळीपाळीनं सगळ्यांसाठी 'राउंड' घ्यायची पद्धत असते. बजेट नसेल तर सुरुवातीलाच "मी माझं माझं घेतो" म्हणून मोकळं व्हा. कुणाला राग येत नाही.

आता मुद्द्याचं. सीनियर तुम्हाला कुठल्याही पबमध्ये नेत नाहीये. न्यू स्ट्रीट स्टेशनवरून लोकलनं साधारण दहा मिनिटांवर स्मेथिक आहे, त्याच्या पलीकडे वेस्ट ब्रॉमिच. इथं 'देसी पब' आहेत. बाहेरून अस्सल इंग्रजी: जुनी विटांची इमारत, लटकती पाटी. आत डार्ट्सचा बोर्ड, टीव्हीवर फुटबॉल, आणि नाकात थेट तंदूरचा धूर.

मग तडतडत्या तव्यावर कांद्याच्या गादीवर 'मिक्स्ड ग्रिल' येते. चिकन टिक्का, सीख कबाब, विंग्ज, लँब चॉप्स, सोबत नान. शाकाहारी असाल तर पनीर टिक्का, चिली पनीर आहेच. चौघांनी मिळून एक मोठी ग्रिल घेतली की डोक्यागणिक खर्च सिटी सेंटरमधल्या एका बर्गरच्या आसपास येतो. आणि बर्गर खाऊन पुन्हा भूक लागते, इथं लागत नाही. कित्येक दिवसांनी तुम्ही गरम, तिखट, बोटं चाटत जेवता.

पण हा तवा इंग्लिश पबमध्ये आला कसा? हे कळलं की घास वेगळा लागतो.

1950-60च्या दशकांत पंजाबातून आलेली माणसं इथल्या फाउंड्र्यांमध्ये राबत होती. फाउंड्रीत उभं राहणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या पोरांना सांगायला नको. पाळी संपली की घसा ओला करायला पब. पण तिथं 'कलर बार' होता. काही पब गोऱ्यांशिवाय कुणाला घेतच नव्हते, काही ठिकाणी साध्या बारमध्ये उभं राहा, बऱ्या खुर्च्यांच्या खोलीत यायचं नाही, असा नियम. भारतीय कामगारांच्या 'इंडियन वर्कर्स असोसिएशन'नं त्याविरुद्ध लढा दिला. त्यांच्या निमंत्रणावरून 12 फेब्रुवारी 1965 रोजी खुद्द माल्कम एक्स स्मेथिकला आले. 'ब्लू गेट्स' नावाच्या पबमध्ये गेले, तेव्हा तिथल्या स्मोक रूममध्ये त्यांनाही नकार मिळाला. नवव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशसंबंध कायदा आला आणि रंगावरून पबमध्ये नकार देणं बेकायदा ठरलं.

लगेच सगळं बदललं नाही. पण पुढच्या दशकांत याच भागातले पब पंजाबी माणसांनी चालवायला घेतले. घरी भाजायचे तेच मांस काउंटरमागे भाजायला लागले. दार मात्र सगळ्यांना उघडं ठेवलं. आज शेजारच्या टेबलावर गोरे आजोबा सीख कबाब मोडत बसलेले दिसतील, तुमच्यापेक्षा सराईतपणे.

म्हणून पहिल्या महिन्यात, खिशात मोजके पौंड असताना, दारातून मागं फिरू नका. त्या खुर्चीसाठी तुमच्या आधी कुणीतरी भांडलंय. आयडी जवळ ठेवा, वयाची खात्री करायला विचारू शकतात. टेबल नंबर लक्षात ठेवा, लाइम अँड सोडा सांगा.

आणि रात्री व्हिडिओ कॉलवर आईला "पबमध्ये जेवलो" असं एकदम सांगू नका. आधी तव्याचा फोटो पाठवा.