'कारखाना' या संज्ञेची व्याप्ती आणि वऱ्हाडातील जिन

कामगारांच्या सुरक्षिततेचे मानक कोणास लागू होते, हे कायद्यातील व्याख्येवरून ठरते. चांदूर बाजारसारख्या वऱ्हाडी पेठेभोवती पिकणाऱ्या कापसाची सरकी जिनात निघते व रुईच्या गाठी दूरच्या गिरण्यांकडे जातात. हे काम हंगामी असते. 1881 च्या कायद्याने 'कारखाना' या संज्ञेस किमान 100 कामगार व वर्षातून किमान चार महिने काम अशा अटी घातल्या. साहजिकच अल्प हंगामाचे जिन तीतून वगळले गेले. 1911 च्या कायद्याने हंगामी कारखान्यांस आपल्या कक्षेत घेतले. 1925 मध्ये जिनिंग-प्रेसिंगसाठी स्वतंत्र कायदा होऊन प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व क्रमांक आवश्यक ठरला. त्यायोगे भेसळीचा माग लागू शकला. कामगाराची स्थिती मात्र त्या खुणेवरून कळत नव्हती. 1948 च्या कायद्याने यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा 10 ठेवली. 2020 च्या संहितेने ती 20 केली. म्हणजे पंधरा कामगारांचा जिन पहिल्या व्याख्येनुसार कारखाना ठरतो, दुसरीनुसार सर्वसाधारणतः ठरत नाही. यंत्र व धूळ मात्र दोन्ही ठिकाणी सारखीच असते. म्हणून मानकांच्या अभ्यासात कलमांपूर्वी व्याख्या तपासणे अगत्याचे होय.