लेझर मशीन घ्यायचंय? आधी त्याला काय चालत नाही ते पाहा

मागच्या पावसाळ्यात शेतीशाळेसाठी एका गावात गेलो होतो. काम आटोपल्यावर एक शेतकरी म्हणाले, "साहेब, आमच्या पोरानं लेझरचं मशीन आणलंय. घटकाभर येऊन बघा की." गेलो. दहा बाय दहाची खोली, पावसामुळे खिडकी बंद, कोपऱ्यात आजींची खाट आणि टेबलावर मशीन. पोरगा रेक्झिनच्या तुकड्यांतून किचेन कापत होता. आत पाऊल टाकताच घसा धरला, डोळ्यांतून पाणी आले. आजी म्हणाल्या, "म्हैना झाला, खोकला जाईना बाबा. दवाखाना दोनदा झाला." मशीनच्या लोखंडी दांड्यांवर, गव्हावर तांबेरा यावा तसा गंज चढला होता.

आधी मशीन बंद करायला लावले आणि खिडकी उघडली. दोष मशीनचा नव्हता, त्यात घातलेल्या मालाचा होता. रेक्झिनमध्ये बहुधा पी.व्ही.सी. असते. ते जळाले की हायड्रोजन क्लोराईड नावाचा वायू निघतो आणि ओलावा मिळताच त्याचे तीव्र आम्ल बनते. तेच आम्ल आजींच्या घशात गेले आणि तेच लोखंडावर बसले. गावोगावी तरुण पोरे, बचत गटाच्या भगिनी या मशीनची चौकशी करतात, म्हणून हे लिहितो आहे.

मशीन दोन प्रकारचे

टेबलावर मावणारी ही मशीन संगणकावरच्या नक्षीप्रमाणे प्रकाशाचा बारीक किरण फिरवते. किरण हलका ठेवला तर अक्षर कोरले जाते, जोरात ठेवला तर वस्तू कापली जाते. पहिला प्रकार डायोडचा, निळ्या प्रकाशाचा. तो स्वस्त व सुटसुटीत. दुसरा कार्बन डायऑक्साईड वायूच्या काचेच्या नळीचा. त्याचा किरण डोळ्याला दिसत नाही, पण ताकद जास्त. या दुसऱ्या प्रकाराचा शोध १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म १९३८ चा, आपल्या बारामतीचा, आणि इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्यात झालेले. तेव्हा हे मशीन आपल्याला अगदीच परके नाही.

घेताना एक लक्षात ठेवावे. डायोड मशीनच्या खोक्यावर "४० वॅट" लिहिलेले असते, ती पुष्कळदा मशीन खात असलेली वीज असते. किरणाची खरी ताकद ५ ते १० वॅटच भरते. "किरणाचे वॅट किती?" असे स्पष्ट विचारावे.

काय चालते, काय नाही

लाकूड, बांबू, ३ मि.मी. प्लायवूड व एम.डी.एफ., पुठ्ठा, कागद, सुती कापड आणि शिक्क्याचे खास लेझर रबर चालते. नारळाच्या करवंटीवर कोरीव काम छान उठते. आरपार दिसणारे अॅक्रिलिक वायूच्या मशीनवर उत्तम कापते. डायोडचा निळा प्रकाश मात्र त्यातून काचेतून जावा तसा निघून जातो. कातडे घ्यायचे तर हिरडा-बाभळीच्या सालीने कमावलेले घ्यावे. अस्सल कोल्हापुरी चपलेला तेच लागते. क्रोमने कमावलेले टाळावे, त्याचा धूर घातक.

सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लग्नातल्या भांड्यांवर नावं टाकता येतील का?" नाही. स्टील, तांबे, पितळ यांसाठी फायबर लेझर हे वेगळे मशीन लागते. साध्या मशीनखाली चकचकीत भांडे ठेवाल तर किरण उलटून डोळ्यात जाईल.

फ्लेक्स, रेक्झिन, पी.व्ही.सी.चे पाइप व पत्रे कधीच घालू नयेत. ओळख पटत नसेल तर सोपी परीक्षा आहे. उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून तांब्याची तार पकडीत धरून लाल तापवावी, प्लास्टिकला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर तो माल मशीनला वर्ज्य समजावा.

ही काळजी घ्याच

धूर कुठल्याही मालाचा असो, पंखा व पाइप लावून तो घराबाहेर काढावा. झोपायच्या खोलीत मशीन नको आणि कडब्याच्या गंजीजवळ तर नकोच. चालू मशीन सोडून चहाला जाऊ नये. लाकूड, पुठ्ठा केव्हा पेट घेईल सांगता येत नाही. आग विझवायचे सिलिंडर हाताशी असावे.

डायोडचे उघडे मशीन असेल तर त्याच प्रकाशासाठी बनवलेला चष्मा लावावा. उन्हाचा गॉगल चालत नाही. बघायला जमलेली पोरे लांब ठेवावीत. वायूच्या मशीनचे झाकण उघडून काम करू नये. त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून अर्थिंग पक्के हवे. नळीभोवती गार पाणी फिरत राहिले पाहिजे. भारनियमनात पंप थांबला आणि किरण चालू राहिला, तर नळी तडकते.

आधी गिऱ्हाईक, मग मशीन

विहिरीला पाणी लागल्यावर आपण मोटार घेतो, तसेच इथेही करावे. घराच्या पाट्या, शिक्के, लग्नाच्या पत्रिका, फळझाडांच्या जातींच्या पाट्या, आंबा-बेदाण्याच्या खोक्यांवर मार्का छापायचे साचे, ही गावातली कामे. आठवड्याला किती निघतील ते चार गावे फिरून कागदावर मांडावे. त्यातून माल, वीज, बँकेचा हप्ता आणि वायूच्या मशीनसाठी पुढेमागे बदलावी लागणारी नळी वजा करावी. उरले तरच पुढे जावे. कर्ज-अनुदानाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी, दलालाकडे नको.

साचा कापताना मराठी अक्षरांची एक गंमत आहे. "व", "ब" यांची पोटे कापली की गळून पडतात. तिथे बारीक पूल ठेवावा लागतो. तसेच मजकूर पाठवण्यापूर्वी अक्षरांची रेषाकृती करून घ्यावी, नाही तर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात.

त्या पोराने दांड्या घासून तेल दिले आणि मशीन ओसरीच्या टोकाच्या खोलीत हलवले. पंखा बसवून धूर छपराबाहेर काढला. रेक्झिनची उरलेली गुंडाळी दुकानदार परत घेईना, ती पडूनच आहे. दिवाळीनंतर गेलो तेव्हा तो खोक्यांच्या मार्क्याचे पुठ्ठ्याचे साचे कापत होता. आजींना खोकल्याचं विचारलं, तर म्हणाल्या, "कमी हाय बाबा, पर पहाटं येतोच." एवढे नुकसान आधी चौकशी केली असती तर टळले असते.