परसातला बहावा

उमरेडच्या परसात एकच शोभेचे फुलझाड लावायचे असेल, तर आधी जमिनीला विचारावे लागते. इथली माती बहुतेक काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भिंतीला लागून मोठे झाड असले, की ते पायाखालची ओल ओढून घेते आणि भिंतीला तडे जाण्याची भीती वाढते. त्यात उन्हाचा तडाखा: जवळच्या नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता.

पहिली पसंती बहुधा गुलमोहराला मिळते. मुळात मादागास्करचे हे झाड भराभर वाढते, मे महिन्यात पेटल्यासारखे फुलते. पण लहान परसात ते नकोच. छत्रीसारखा घेर पसरतो, मुळे जमिनीलगत धावतात आणि ठिसूळ फांद्या पहिल्याच वादळात मोडून शेजाऱ्याच्या टिनावर पडतात. चाफ्याच्या मुळांशी पाणी साचले, की ती कुजतात. पारिजातक आटोपशीर खरा, पण त्याची फुले पहाटे गळून जातात. दिवसा पाहणाऱ्याला नुसते झाड दिसते. कांचन चांगला, फक्त दसऱ्याला आपटा समजून लोक तो ओरबाडतात. पळस या मातीचाच. मात्र त्याचे सोटमूळ खोल जाते, म्हणून धुऱ्यावरून उपटून आणलेले रोप सहसा जगत नाही.

उरतो बहावा. उमरेड-कऱ्हांडल्याकडच्या पानझडी रानात तो आपोआप उगवतो, म्हणजे हे ऊन त्याला नवे नाही. उंची साधारण तीस-चाळीस फूट, घेर बेताचा. उन्हाळा चढू लागला की पाने गळतात आणि एप्रिल-मे महिन्यांत हातभर लांबीचे पिवळे घोस लोंबू लागतात. घोस वरून खाली फुलत जातो: वर उमललेली फुले, टोकाशी हिरवट गोल कळ्या. काळे भुंगे त्यांच्यावर घोंगावत असतात. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो, असा समज आहे. त्याच्या भरवशावर पेरणी मात्र करू नये.

पुढे हातभर लांबीच्या नळीसारख्या शेंगा धरतात. पिकून काळपट झालेली शेंग फोडली, की आत नाण्यांसारखे पातळ पडदे, त्यांना चिकटलेला काळा गोडसर गर आणि प्रत्येक कप्प्यात एक चपटे, चकचकीत बी. आयुर्वेदातला आरग्वध तो हाच. गर रेचक आहे, म्हणून लहान मुलांच्या हाती शेंगा लागू देऊ नयेत. बहाव्याचा खरा उणेपणा सावलीचा. ऐन उन्हात तो जवळजवळ निष्पर्ण असतो. खाट टाकायला सावली हवी असेल तर कडुनिंब लावावा. शोभेच्या झाडाकडून ते काम मागू नये.

जागा मागच्या दारातून किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट दिसेल अशी निवडावी. भिंतीपासून निदान बारा फूट अंतर ठेवावे आणि विजेच्या तारा टाळाव्यात. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा खणून तापू द्यावा. तो मातीत कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून भरावा. मधला भाग थोडा उंच ठेवावा, म्हणजे बुंध्याशी पाणी तुंबत नाही. दमदार पाऊस झाला की रोप लावून काठीचा आधार द्यावा. पहिले दोन उन्हाळे आळ्यात पाणी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन लागते.

बियांपासून रोप करायचे असेल, तर बीचे टणक कवच कानशीवर किंचित घासून ते रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे. एरवी ते महिनोन्‌महिने उगवत नाही. अशा रोपाला फुले यायला काही वर्षे लागतात आणि पहिल्या वर्षी दोन-चारच घोस येतात.