धुराच्या मिळकतीचा जमाखर्च

निस्सान कंपनीने १९८८ साली जपानात ‘सिल्व्हिया’ या आटोपशीर मोटारीची नवी पिढी आणली आणि तिचेच भावंड ‘२४०एसएक्स’ या नावाने अमेरिकेस धाडले, तेव्हा दोघांची अंगयष्टी एक असूनही वाढणाऱ्याने पंक्तिप्रपंच केलाच: घरच्या सिल्व्हियाच्या पानात १९९१ पासून दोन लिटरचे, टर्बोचार्जर जोडलेले, सुमारे २०५ अश्वशक्तीचे ‘एसआर२०डीईटी’ इंजिन पडले, तर परदेशी गेलेल्या भावंडाच्या वाट्याला पिकअप गाड्यांशी नाते सांगणारे, कष्टाळू परंतु मंदोत्साही असे २.४ लिटरचे इंजिन आले.

हे उणे भरून काढण्यासाठी अमेरिकेतील हौशी मंडळी जपानमधील मोडीत निघालेल्या मोटारींची इंजिने गिअरबॉक्ससकट मागवू लागली. सांगाडा एकच असल्याने इंजिन फारशा कापाकापीविना बसते. खरा कस लागतो तो विजेच्या तारांचे जंजाळ जुळवताना. कॅलिफोर्नियात मात्र कायद्याचा अंमल कडक असून, बसवलेले इंजिन मोटारीच्या सालाहून जुने नसावे आणि धूर शुद्ध करणारी त्याची सर्व सामग्री शाबूत असावी, अशी तेथे अट आहे.

ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या टर्बोचार्जरची कल्पना मूळची काटकसरीची. इंधनाच्या उष्णतेचा मोठा हिस्सा धुराबरोबर फुकट जातो. त्याच धुराने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी, ही युक्ती स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या पेटंटापासून वाढीस लागली. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि दाबल्यामुळे तापलेली हवा इंटरकूलरमध्ये निववून मगच आत सोडावी लागते.

हवा वाढली की पेट्रोलही वाढवावे लागते, आणि येथेच ट्यूनिंगचे प्रकरण सुरू होते. कोणत्या गतीला व कोणत्या भाराला किती पेट्रोल सोडावे आणि ठिणगी किती अंश आधी पाडावी, याचे तक्ते बाळगणारा संगणक हा इंजिनाचा कारकूनच होय. मालकाने पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले, टर्बोचा दाब वाढवला आणि कारकुनाला खबर दिली नाही, तर तो जुन्या फर्मानाबरहुकूम नोंदी करीत राहतो व हिशेब चुकतो. एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. परंतु पूर्ण दाबाखाली हे प्रमाण साडेअकरा-बाराच्या आसपास ठेवतात, कारण जादा पेट्रोल ज्वलनाची धग कमी करते. ती आवरली नाही, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते बळावले की पिस्टनला तडे जातात.

म्हणून जाणता ट्यूनर मोटार डायनोच्या, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या, रुळांवर चढवून, धुरातील प्राणवायू मोजीत आणि नॉकिंगच्या आवाजावर कान ठेवीत, ठिणगी एकेक अंशाने पुढे नेतो. आणि सीमा दिसताच एकदोन अंश मागे येतो. कागदावर तेवढी अश्वशक्ती बुडीत खाती पडते खरी; पण उन्हाळ्याच्या दुपारी, हलक्या पेट्रोलवर, चढणीला लागलेले इंजिन जगते ते याच शिलकीवर.