खिशातला चाकू : हत्यार नव्हे, रोजीचे अवजार

वऱ्हाडात खिशातल्या चाकूवाचून अनेकांचे काम अडते. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेतील कलम बांधणारा, अमरावतीच्या इतवारा बाजारातील फळविक्रेता, अकोल्यात पोत्याची सुतळी कापणारा हमाल, या सर्वांच्या हाताशी मिटवता चाकू असतो. परंतु वर्तमानपत्रात चाकूचे नाव येते ते बहुधा गुन्ह्याच्या बातमीतच. परिणामी तो बनविणारा, विकणारा व बाळगणारा असे तिघेही संशयाच्या छायेत वावरतात. या धंद्यात आपले कारागीर व व्यापारी बरेच आहेत. म्हणून या विषयाची नीट माहिती असणे अगत्याचे आहे.

रामपूरचा धडा

चाकू म्हटला की उत्तर प्रदेशातील रामपूर आठवते. १७७४ साली स्थापन झालेल्या या संस्थानात नवाबांच्या आश्रयाने पाते घडविणाऱ्या कारागिरांची कला वाढली. पुढे हिंदी चित्रपटांनी रामपुरी चाकू गुंडाच्या हातात दिला आणि नाव बदनाम झाले. १९९० च्या दशकात तेथील सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर बंदी घातली. धंदा बसला, कारागिरांनी दुसरी कामे धरली. मार्च २०२३ मध्ये त्याच रामपुरात सुमारे वीस फूट लांबीचा चाकू चौकात उभारण्यात आला. स्मारक झाले, पण भट्ट्या विझल्यानंतर! वस्तूची ओळख हत्यार म्हणून झाली की कारागीर बुडतो, हा यातला धडा आहे.

वऱ्हाडचा खरा चाकू

आपल्याकडे चाकूची ओळख शेतीची आहे. संत्र्याचे कलम जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून करतात. खुंटाच्या सालीला टी अक्षरासारखा छेद द्यायचा, साल अलगद उचलून डोळा आत बसवायचा व पट्टीने बांधायचा. छेद फाटका झाला तर डोळा वाळतो. म्हणूनच कलम चाकूच्या धारेवर बागाईतदाराची पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून पाते मधूनमधून निर्जंतुक करणेही आवश्यक असते.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पाते उघडल्यावर डुगडुगू नये, रिव्हेट घट्ट असावी आणि पोलादाला पाणी नीट दिलेले असावे. पाणी कमी पडले तर धार वळते, जास्त झाले तर पाते तडकते. साध्या पोलादाला गंज लवकर चढतो, पण सहाणेवर धार लवकर येते. गंज न चढणारे पोलाद सांभाळायला सोपे, परंतु त्याला धार लावण्यास वेळ लागतो. काम झाल्यावर पाते पुसून तेलाचा हात फिरवावा. संत्र्या-लिंबाचा रस तसाच राहू देऊ नये.

काही घरांत आजोबांचा शिंगाच्या किंवा पितळी मुठीचा चाकू, अडकित्ता जपून ठेवलेला असतो. अशा वस्तू जमविण्याचा छंद चांगला आहे. मात्र चमक आणण्यासाठी त्या घासून काढू नयेत. त्यामुळे कारागिराचा ठसा जातो आणि मोलही जाते. चामड्याच्या म्यानात कायम ठेवल्यास ओल धरून पाते खराब होते.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा १९५९ व त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांत मोडते. घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनविलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. परंतु एवढ्यावर निर्धास्त राहू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की लहान चाकू बाळगणेही अडचणीचे ठरू शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत व मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलीनंतर संचारबंदीचे दिवस आपण पाहिले आहेत. अशा काळात अवजार दुकानात किंवा शेतातच ठेवावे. खटक्याचे, बटण दाबताच उघडणारे चाकू दुकानदारांनी ठेवूच नयेत. विकलेल्या मालाची पावती द्यावी व तीवर 'कलम चाकू', 'फळ कापण्याचा चाकू' असा स्पष्ट उल्लेख करावा. वाहतुकीत मालासोबत बिल असावे.

कारागिरांसाठी

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहार व अवजारे बनविणारे यांचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत एक व दोन लाख रुपयांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्जाची तरतूद आहे. लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते. आपल्या भट्टीवाल्यांनी तेथे जाऊन चौकशी करावी.

लोखंडाचे काम हलके नाही. हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि ते स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत. बाण घेऊन मशिदीतून वा बाजारातून जाणाऱ्याने त्याचे टोक हातात धरावे, कोणाला इजा होऊ देऊ नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. चाकू बाळगणाऱ्याने व विकणाऱ्याने एवढे पाळले, तर रामपूरवर आलेली पाळी वऱ्हाडच्या कारागिरावर येणार नाही, इन्शाअल्लाह.