सामायिक पानाचे हक्कदार

मुंबई-गोवा महामार्गाला तळेऱ्यात गगनबावड्याकडून येणारा कोल्हापूरचा रस्ता मिळतो. तिथं एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसांच्या हातात फोन असतो, आणि बहुतेकांचा अँड्रॉइडच. कुणी व्हॉट्सअ‍ॅप उघडतो, कुणी बँकेचं अ‍ॅप. यातलं कुठलंही अ‍ॅप फोन शून्यापासून उभं करत नाही. फोन सुरू होतानाच 'झायगोट' नावाची एक प्रोसेस जागी होते आणि अ‍ॅपना नेहमी लागणारी सामग्री मेमरीत मांडून बसते. नवं अ‍ॅप म्हणजे या झायगोटची प्रत. सामग्री मात्र लगेच उतरवून घेतली जात नाही. झायगोट ही आई आणि अ‍ॅप ही लेक; दोघी एकाच मेमरीकडे बघत राहतात. दोघींपैकी कुणी एखाद्या पानावर लिहायला गेलं, तरच तेवढ्या पानाची वेगळी प्रत निघते. पान म्हणजे मेमरीचा साधारण ४०९६ बाइटांचा तुकडा.

याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. युक्ती जुनी आहे. टेनेक्स या प्रणालीवरच्या १९७२ च्या निबंधात ती सापडते. त्या निबंधाच्या लेखकांत रे टॉमलिन्सन आहेत, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात @ हे चिन्ह आणणारे तेच. अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, ती १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. कल्पना पाच मिनिटांत कळते. तिचा कोड तपासताना मात्र भल्याभल्यांची फसगत झालेली आहे.

वरवर काम सोपं आहे. सामायिक पानावर कर्नेल 'फक्त वाचा' अशी खूण करतो. कुणी लिहू पाहिलं की प्रोसेसर अडवतो आणि कर्नेलला हाक मारतो. कर्नेल बघतो, या पानाचा आणखी कुणी धनी आहे का? असला तर प्रत काढून द्यायची, नसला तर आहे त्याच पानावर लिहू द्यायचं. आता प्रोसेसरने अडवलंच नाही तर? इंटेलचा ३८६ प्रोसेसर खुद्द कर्नेल लिहायला गेला की ही खूण जुमानतच नसे. म्हणून लिनक्सला प्रत्येक वेळी हाताने खात्री करून घ्यावी लागे. ४८६ मध्ये ही उणीव भरून निघाली, पण ३८६ साठीचं ते लोढणं लिनक्सने २०१२ च्या अखेरीस काढून टाकलं.

खरी मेख 'आणखी कुणी धनी आहे का' या प्रश्नात आहे. कोकणातल्या वाचकाला तो नव्याने समजावायला नको. एका सातबाऱ्यावर वीस नावं, अर्धी मुंबईत, आणि कुणी घर बांधायला काढेपर्यंत वाटपाचा विषयही नाही. पण नुसती भोगवटादारांची नावं मोजून भागत नाही; 'इतर अधिकार' हा रकानाही वाचावा लागतो. कर्नेलमध्येही असे दोन हिशोब आहेत. पान किती प्रोसेसच्या नकाशात आहे हा एक. ते एकूण कुणाकुणाच्या हातात आहे हा दुसरा. त्यात एखादं उपकरण किंवा दोन प्रोसेसमधला पाइपही येतो.

२०२० मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटाचे यान हॉर्न यांनी नेमकी इथली फट दाखवली. लेक प्रोसेस सामायिक पान एका पाइपात अडकवते आणि मग स्वतःच्या नकाशातून काढून टाकते. म्हणजे हक्कसोड लिहून दिला, पण इतर अधिकारातली नोंद तशीच ठेवली. आता आई लिहायला जाते. कर्नेल पहिला रकाना बघतो, एकच नाव दिसतं, आणि आईला त्याच पानावर लिहू देतो. आईने नंतर लिहिलेलं गुपित लेक पाइपातून वाचून घेते. एका झायगोटच्या पोटी एकमेकांवर विश्वास नसलेली कितीतरी अ‍ॅप नांदतात, हे आठवलं की यातलं गांभीर्य कळतं.

उपाय म्हणून लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स ५.९ मध्ये दुसरा हिशोब प्रमाण मानला: शंका आली की प्रत काढा. ऐकायला हे सुरक्षित वाटतं. पण एखादं उपकरण जुन्या पानावर लिहीत असताना प्रोसेसच्या हाती नवी प्रत दिली, तर दोघांची ताटातूट होते आणि उपकरणाने लिहिलेलं प्रोसेसला कधी दिसतच नाही. प्रत न काढणं जितकं घातक, तितकीच नको तेव्हा काढलेली प्रतही. २०२२ च्या ५.१९ आवृत्तीत कर्नेलवर काम करणारे डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी वेगळी वाट धरली. पान एकट्याचं आहे की नाही, याची खूण त्या पानावरच ठेवायची आणि ते सामायिक होताना ती पुसायची. लिहायच्या क्षणी डोकी मोजत बसण्यापेक्षा हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

सगळ्यांत गाजलेली चूक मात्र मोजणीची नव्हती, वेळेची होती. 'डर्टी काऊ' ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाली. फिल ओस्टर यांना आपल्या सर्व्हरवर झालेल्या हल्ल्याच्या नोंदींतच ती सापडली. एखादी फाइल फक्त वाचायची मुभा आहे. तिच्या खासगी प्रतीवर लिहायला कर्नेलला सांगायचं. कर्नेल इमानेइतबारे प्रत काढतो आणि 'प्रत झाली, आता लिहिण्याचा हक्क पुन्हा तपासायला नको' असं ठरवतो. तेवढ्यात त्याच प्रोसेसचा दुसरा धागा (थ्रेड) सांगतो, 'हे पान मला नको.' प्रत फेकली जाते. कर्नेल पुन्हा पान शोधतो, त्याला मूळ फाइलचं पान सापडतं आणि तो त्यावर लिहून मोकळा होतो. साध्या वापरकर्त्याला अशा रीतीने सगळ्या यंत्राचा ताबा मिळे.

ही फट निदान २००७ पासून कोडमध्ये होती. प्रत्येक ओळ सुटी वाचली तर बरोबरच आहे. चूक दोन ओळींमधल्या क्षणात आहे. टॉरवाल्ड्स यांनी दुरुस्तीसोबत स्वतःच लिहून ठेवलं आहे की त्याच्या अकरा वर्षं आधी त्यांनी ती बुजवण्याचा प्रयत्न केला होता, पण आयबीएमच्या मेनफ्रेमवर अडचण आली म्हणून तो मागे घेतला गेला. नवी दुरुस्तीही पुरी पडली नाही. मोठ्या आकाराच्या पानांसाठी तोच प्रकार चालतो, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये दिसून आलं.

हा खेळ फक्त सर्व्हरपुरता राहिला नाही. त्याच वर्षी 'झेडएनआययू' नावाचा अँड्रॉइडवरचा घातक प्रोग्राम ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने उघड केला. तो डर्टी काऊ वापरून फोनमध्ये चोरदरवाजा बसवत असे, आणि बाधित फोन प्रामुख्याने चीन आणि भारतातले होते. कर्नेल केव्हाच दुरुस्त झाला होता, पण ती दुरुस्ती प्रत्येक फोनपर्यंत पोचायला फोन बनवणाऱ्या कंपनीची मर्जी लागते.

हिल्डेनब्रँड यांनी कर्नेलसोबत कॉपी-ऑन-राइटच्या चाचण्यांची एक स्वतंत्र फाइलही दिली आहे. आधी पान अडकवून मग प्रत, आधी प्रत मग अडकवणं, पाइप, मोठी पानं, मेमरीबाहेर स्वॅपमध्ये गेलेली पानं, अशा जोड्या ती एकामागून एक चालवून बघते. या भागातला बदल तपासायला बसणाऱ्याने मूळ कोडच्या आधी ती वाचावी, असं माझं मत आहे. कुठली जोडी तिथं नाही, हेही त्यातच कळतं.