होल्डर हातात येईपर्यंत

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये वेल्डिंगचे काम एकाच प्रकारचे नसते. स्टेनलेस स्टीलची भांडी ही या भागाची जुनी ओळख. तिथे पातेल्यांचे कान आणि डब्यांच्या कड्या स्पॉट वेल्डिंगने बसतात. हॉटेलच्या किचनमधली टेबले, सिंक आणि जिन्याचे रेलिंग यांना मात्र आर्गॉन लागतो. शेजारच्याच गाळ्यात ग्रिल, जाळ्या, लोखंडी जिने आणि पत्र्याच्या शेडचे सांगाडे तयार होत असतात. खाडी आणि मिठागरांवरून येणारी खारी हवा लोखंडाला फार दिवस सुखाने राहू देत नाही, त्यामुळे मीरा रोड आणि भाईंदरच्या इमारतींमध्ये नव्या ग्रिलइतकेच जुन्या ग्रिलच्या डागडुजीचे काम निघते. आणखी वरच्या पायरीवर मेट्रो ९ सारखी मोठी कामे आहेत. तिथे चाचणी दिल्याशिवाय वेल्डरला भार पेलणाऱ्या जोडाला हात लावता येत नाही. नवख्या मुलाने कुठे आणि कसे शिकायचे, हे यांपैकी कोणत्या कामापर्यंत पोहोचायचे आहे यावर ठरते.

सर्वांत जवळची वाट गाळ्यातली. मुलगा हेल्पर म्हणून लागतो. अँगल आणि पाइप उचलून आणणे, मापाने कापणे, वेल्डर सांगेल तसा तुकडा धरून ठेवणे, जोडावरचा स्लॅग, म्हणजे रॉडच्या कोटिंगची गोठलेली खपली, झाडणे आणि ग्राइंडर मारणे ही त्याची सुरुवातीची कामे. मग कधीतरी टाके मारायला मिळतात, म्हणजे दोन तुकडे जागच्या जागी राहावेत इतपत ठिपक्याएवढे वेल्डिंग. पुढचे शिक्षण बरेचसे उस्तादाच्या मर्जीवर आणि जेवणाच्या सुट्टीवर अवलंबून असते: होल्डर मोकळा असतो, भंगारात पट्ट्या पडलेल्या असतात, आणि रॉड वाया गेला म्हणून ओरडणारे कोणी जवळ नसते. या वाटेचा मोठा फायदा म्हणजे पहिल्या दिवसापासून थोडे का होईना पैसे मिळतात, आणि हात एका कामावर फार लवकर बसतो. तोटाही तिथेच आहे. ग्रिलवाल्याकडे शिकलेला मुलगा पातळ चौकोनी बार टेबलावर आडवा ठेवून छान जोडतो. त्याला १० मिलिमीटरची प्लेट उभी लावून दिली की धातू खाली ओघळतो. अँपिअर किती ठेवायचे हे त्याला मशीनवरच्या खुणेवरून ठाऊक असते, का ठेवायचे हे कोणी सांगितलेले नसते.

दुसरी वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आयटीआयची. देशात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, तिच्यातला वेल्डरचा हा एक वर्षाचा ट्रेड; महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवर त्याचे नाव ‘संधाता’. भाईंदरच्या मुलाला जवळच्या शासकीय संस्थांपैकी एक म्हणजे ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधली. प्रवेशासाठी किमान आठवी उत्तीर्ण आणि वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे दहावीत अडकलेल्यालाही हे दार उघडे आहे. महाराष्ट्रात प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतात. वर्षाचे अध्यापन १२०० तासांचे. त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास सिद्धांताचे आणि उरलेले रोजगार कौशल्यांचे. शिवाय १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किंवा प्रकल्पावर काढायचे असतात. प्रात्यक्षिकात ६० टक्के गुण मिळाल्याशिवाय मुलगा उत्तीर्ण होत नाही, लेखी विषयांना मात्र ३३ टक्के पुरतात. या धंद्याला हे प्रमाण शोभणारेच आहे.

अभ्यासक्रमात गॅस वेल्डिंग आणि गॅस कटिंग, रॉडचे आर्क वेल्डिंग, सीओटू आणि टिग हे सगळे येते. सिलिंडरची ओळख सुरुवातीलाच होते. ऑक्सिजनचा काळा, ॲसिटिलीनचा तपकिरी-लाल, आर्गॉनचा निळा. ॲसिटिलीनच्या जोडणीचे आटे उलटे असतात, म्हणजे चुकूनही ऑक्सिजनचा रेग्युलेटर त्यावर बसू नये; आणि हा सिलिंडर कधी आडवा पाडून वापरायचा नाही. पण वर्षातला मोठा भाग जातो तो रॉडवर, आणि रॉडमध्येही सर्वांत जास्त आर्क धरण्यावर.

ई ६०१३ जातीचा ३.१५ मिलिमीटरचा रॉड होल्डरमध्ये अडकवायचा, मशीन शंभर-सव्वाशे अँपिअरवर ठेवायचे, आणि रॉडचे टोक प्लेटवर काडी ओढल्यासारखे घासून लगेच रॉडच्या जाडीएवढे वर घ्यायचे. उचलायला उशीर झाला की रॉड चिकटतो, लाल होतो आणि त्याचे कोटिंग तडकून पडते. जास्त उचलला की आर्क तुटतो. एकदा आर्क टिकला की त्याचे तापमान सुमारे ६००० अंश सेल्सिअस असते. पोलाद १५०० अंशांच्या आसपासच वितळते. काळ्या काचेतून तेव्हा दिसते ते वितळलेल्या धातूचे छोटे तळे आणि त्याच्या मागे सरकत येणारा स्लॅग. नवशिका पाहतो आर्कच्या झगझगाटाकडे, सराईत पाहतो तळ्याच्या कडांकडे. दोन्ही कडा प्लेटमध्ये मिसळल्या की हात पुढे जातो. स्लॅग तळ्याच्या पुढे पळू लागला की रॉडचा कोन बदलावा लागतो. यात एक गोष्ट शिकवून येत नाही, सरावानेच येते. रॉड जळून आखूड होत असतो, म्हणून हाताला पुढे सरकताना खालीही यावे लागते. नवशिक्याचा हात नुसताच पुढे जातो, आर्क लांबत जातो, आणि रनच्या, म्हणजे वेल्डिंगच्या रेघेच्या, दोन्ही बाजूंना बारीक थेंबांचा सडा पडतो. स्लॅग ठोकून वायर ब्रश मारला की चूक उघडी पडते. दोरीसारखा वर उठून बसलेला रन म्हणजे अँपिअर कमी. कडेला प्लेट खाल्ल्यासारखा खळगा म्हणजे अँपिअर जास्त किंवा आर्क लांब. कारागीर त्याला अंडरकट म्हणतात.

टेबलावरचा जोड जमला की तोच जोड भिंतीसारखा उभा केला जातो आणि शेवटी डोक्यावर नेला जातो. प्लेटवरच्या खोबणीच्या जोडांमध्ये १जी सपाट, २जी आडवा, ३जी उभा आणि ४जी डोक्यावरचा. पाइप ४५ अंशांत तिरका पक्का करून चहूबाजूंनी जोडायचा तो ६जी. उभ्या जोडात खालून वर जाताना आधी घातलेल्या धातूचा टप्पा करून त्यावर पुढचा धातू टेकवत न्यावा लागतो. गाळ्यात तयार झालेले बरेच हात इथेच अडतात, कारण तिथे तुकडा फिरवून सपाट करून घेता येतो. इमारतीचा खांब तसा फिरवता येत नाही.

भाईंदरच्या स्टीलच्या कामात रॉडपेक्षा टिग महत्त्वाचे. एका हातात टंगस्टनची अणकुचीदार सुई असलेला टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक फिलर, आणि जोडाभोवती हवा येऊ नये म्हणून आर्गॉनचे आवरण. ३०४ दर्जाच्या स्टीलला सहसा ३०८एलचा फिलर वापरतात. सुई तळ्याला टेकली की खराब झाली. ती पुन्हा घासून धार लावायची. उष्णता किती लागली हे जोडाच्या रंगावरून कळते. फिकट सोनेरी रंग चांगला, निळा चालण्यासारखा, काळपट राखाडी आला की स्टीलची गंज रोखण्याची ताकद तिथे घटली असे समजावे. पॉलिशने रंग जातो, आत झालेले नुकसान जात नाही. रॉडवर पक्का बसलेला हात टिगला पहिले काही दिवस अवघडतो, पण तळे वाचायची सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

सुरक्षेचा धडा आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात होतो, गाळ्यात तो बहुधा डोळे सुजल्यावर होतो. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळ्यांच्या पृष्ठभागाला भाजते. त्रास लगेच होत नाही; काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि पाण्याची धार लागते. झळ आधी बसते ती हेल्परला. वेल्डर १० ते १२ नंबरच्या काचेआड असतो आणि हेल्पर उघड्या डोळ्यांनी तुकडा धरून उभा असतो. कापलेला बटाटा डोळ्यांवर ठेवण्याचा उपाय घरोघरी माहीत आहे. एक-दोन दिवसांत सहसा आपोआप उतार पडतो आणि श्रेय बटाट्याला जाते. दुखणे टिकले तर डॉक्टर गाठावा. गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडताना जस्ताचा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो आणि तो मलेरियासारखाच वाटतो. स्टेनलेसच्या धुरातले क्रोमियम त्याहून वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. अरुंद पोटमाळ्याच्या गाळ्यात एक्झॉस्ट पंखा ही चैन मानणे म्हणूनच महागात पडते. पावसाळ्यात ओले हातमोजे आणि ओली जमीन यांनी शॉकचा धोका वाढतो. ओलाव्याचा फटका रॉडलाही बसतो. मोठ्या बांधकामात लागणारा ई ७०१८ रॉड दमट हवेतले पाणी शोषतो, त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि धातूला नंतर तडा जाऊ शकतो. म्हणून तो भट्टीत वाळवून, गरम डब्यातून एकेक काढून वापरतात.

आयटीआय झाल्यावरची पायरी शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला अडीच ते १५ टक्क्यांपर्यंत शिकाऊ घ्यावेच लागतात. चार ते २९ कामगारांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. भाईंदरचे बरेच गाळे या दुसऱ्या वर्गात मोडतात, त्यामुळे कायदा तिथल्या दारापर्यंतच येतो. मुलांनी म्हणून लोकलच्या मार्गावरच्या मोठ्या संस्थांच्या जाहिरातींवर नजर ठेवावी हे बरे. पश्चिम रेल्वे लोअर परळसारख्या कार्यशाळांसाठी वेल्डर शिकाऊ घेते. माझगाव डॉकमध्ये आयटीआय झालेल्यांबरोबरच आठवी उत्तीर्ण मुलांचाही वेगळा गट असतो आणि त्यात वेल्डरचा ट्रेड आहे. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या शिकाऊला दरमहा किमान ७,००० रुपये आणि पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते.

गाळ्यातच वाढलेल्याला या चौकटीत मागून शिरायची सोय आहे. २०१५ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत काही महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत, आणि कामावर आधीच मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा भागही आहे. पाच वर्षे टिग मारलेल्या माणसाला पुन्हा रॉड कसा धरायचा इथपासून बसवण्यापेक्षा हे शहाणपणाचे.

मोठ्या कामावर मात्र कोणताही कागद माणसाला गेटपर्यंतच नेतो. आत जायचे तर प्लेट जोडून दाखवावी लागते. दोन प्लेटच्या कडा तिरक्या घासून, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून, निरीक्षकासमोर रूट रनपासून वरच्या थरापर्यंत जोड भरायचा. मग त्यातून पट्ट्या कापून प्रेसवर १८० अंश वाकवतात. वाकलेल्या बाजूवर ३ मिलिमीटरहून मोठी भेग उघडली तर उमेदवार नापास. काही ठिकाणी पट्ट्यांऐवजी एक्स-रे काढतात. ३जी आणि ४जी दोन्ही पार केले की प्लेटवरच्या कोणत्याही स्थितीतले काम करता येते. ६जी जमलेल्याला पाइपलाइन आणि रिफायनरीचे दरवाजे उघडतात. बॉयलरवर काम करणाऱ्यासाठी १९५० च्या भारतीय बाष्पके विनियमांखालची वेगळी परीक्षा आहे. आखाती देशांसाठी मुंबईत होणाऱ्या ट्रेड टेस्टही याच धर्तीच्या. मात्र दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो आणि त्या देशांत कामाला जाताना परदेशगमनाची सरकारी परवानगी काढावी लागते. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क म्हणून जीएसटी सोडून ३०,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. चाचणीतून मिळालेली पात्रताही कायमची नसते. अमेरिकी एएसएमई संहितेप्रमाणे वेल्डरने सहा महिने त्या पद्धतीचे काम केले नाही तर ती संपते, आणि कामावर परतायचे असेल तर त्याला नव्याने जोड भरून चाचणी द्यावी लागते.